रॉय मिल्टन

रॉय मिल्टन (जन्म : विनीवुड, इंडियन टेरिटरी, ३१ जुलै १९०७, मृत्यू : लॉस एंजेलिस, कॅलिफोर्निया, १८ सप्टेंबर १९८३) हे अमेरिकन ड्रमवादक, ब्लूज गायक आणि वाद्यवृंदप्रमुख होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या जंप ब्लूज या संगीतप्रकाराच्या प्रमुख प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. ‘सॉलिड सेंडर्स’ या आपल्या वाद्यवृंदासह त्यांनी १९४५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘आर. एम. ब्लूज’ हे गीत १९४६ मध्ये अतिशय गाजले. १९४६ ते १९५३ या काळात त्यांची एकूण १९ गीते कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या लोकप्रियता-क्रमवारीत पहिल्या दहांत पोहोचली. ड्रमच्या मागे बसून गाणारा वाद्यवृंदप्रमुख हे दृश्य त्या काळी दुर्मीळ होते. मिल्टन यांच्या ठेक्याने रॉक अँड रोल संगीताची वाट मोकळी केली. मात्र तेच संगीत रूढ झाल्यावर त्यांचे स्वतःचे नाव मागे पडले.

पार्श्वभूमी आणि बालपण

मिल्टन यांचा जन्म झाला तेव्हा ओक्लाहोमा हे राज्य अस्तित्वात आलेले नव्हते. विनीवुड हे गाव त्या वेळी चिकासॉ या मूलनिवासी राष्ट्राच्या हद्दीत, इंडियन टेरिटरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात होते. त्यांच्या जन्मानंतर साडेतीन महिन्यांनी, १६ नोव्हेंबर १९०७ रोजी, हा प्रदेश ओक्लाहोमा राज्यात विलीन झाला. नव्या राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलेला पहिलाच कायदा रेल्वेचे डबे आणि प्रतीक्षालये यांत गोऱ्या व कृष्णवर्णीय प्रवाशांना वेगळे बसविण्यासंबंधीचा होता. मिल्टन यांची पिढी या विभाजनाच्या छायेतच वाढली.

मिल्टन यांची आजी (आईची आई) मूलनिवासी वंशाची होती. त्यामुळे त्यांचे बालपण मूलनिवासी वस्तीत गेले. पुढे हे कुटुंब टल्सा शहरात स्थायिक झाले. खनिज तेलाच्या व्यापारामुळे टल्सा झपाट्याने वाढत होते. शहरातील ग्रीनवुड या भागात कृष्णवर्णीयांची दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृहे आणि नृत्यगृहे होती. १९२१ च्या मे-जूनमध्ये गोऱ्या जमावाने ही वस्ती जाळून उद्ध्वस्त केली. परंतु रहिवाशांनी ती पुढील काही वर्षांत पुन्हा उभी केली आणि तेथील संगीतजीवनही पुन्हा सुरू झाले. टल्सातील याच संगीतजीवनातून मिल्टन व्यावसायिक संगीताकडे वळले.

एर्नी फील्ड्स यांच्या वाद्यवृंदात

१९२० च्या दशकाच्या अखेरीस मिल्टन टल्सातील ट्रोम्बोनवादक एर्नी फील्ड्स यांच्या वाद्यवृंदात गायक म्हणून दाखल झाले. फील्ड्स यांचा संच हा त्या काळातील फिरत्या प्रादेशिक वाद्यवृंदांपैकी एक होता. असे संच न्यूयॉर्क किंवा शिकागोसारख्या महानगरांत न राहता ओक्लाहोमा, टेक्सस, कॅन्सस, मिसूरी या राज्यांतील गावोगावी मोटारीने फिरत आणि रोज नव्या ठिकाणी नाचाच्या कार्यक्रमांना साथ करीत. रेडिओ आणि तबकड्या यांपासून दूर असलेल्या श्रोत्यांपर्यंत नवे संगीत पोहोचत असे ते प्रामुख्याने या फिरत्या संचांमधूनच. कृष्णवर्णीय वादकांना अनेक गावांत हॉटेलमध्ये खोली मिळत नसे. मुक्काम ओळखीच्यांच्या घरी किंवा गाडीतच करावा लागे.

या वाद्यवृंदातच मिल्टन यांना त्यांचे वाद्य सापडले, आणि तेही योगायोगाने. एका रात्री संचाच्या नेहमीच्या ड्रमवादकाला पोलिसांनी अटक केली. कार्यक्रम तर पार पाडायचाच होता. तेव्हा गायक मिल्टन यांनाच ड्रमवर बसविण्यात आले. त्या रात्रीपासून ते गायन आणि ड्रमवादन अशा दोन्ही बाजू सांभाळू लागले. पुढील पन्नास वर्षे ही जोडी सुटली नाही. जाझ आणि ब्लूजच्या क्षेत्रात गायक बहुधा मंचाच्या पुढच्या भागी मोकळ्या हातांनी उभा राहतो, आणि ड्रमवादक सर्वांच्या मागे बसतो. या दोन भूमिका एका व्यक्तीत एकवटल्या की गाण्याची लय आणि शब्दांची फेक यांवर एकाच मनाचे नियंत्रण राहते. मिल्टन यांच्या शैलीचे मूळ या योगायोगात आहे.

लॉस एंजेलिस

१९३३ मध्ये मिल्टन लॉस एंजेलिसला गेले. महामंदीने ओक्लाहोमाचे अर्थकारण कोसळले होते आणि हजारो कुटुंबे पश्चिमेकडे निघाली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील दारूबंदी उठली. त्यामुळे नाइटक्लब पुन्हा उघडपणे चालू लागले आणि वादकांना कामे मिळू लागली. मिल्टन यांनी या शहरात स्वतःचा छोटा वाद्यवृंद उभारला. त्यालाच पुढे ‘सॉलिड सेंडर्स’ हे नाव मिळाले. जाझ वादकांच्या बोलीत श्रोत्यांना तल्लीन करून सोडणाऱ्या कलावंताला ‘सॉलिड सेंडर’ म्हणत. त्यावरून हे नाव घेतले होते.

लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा कणा म्हणजे सेंट्रल अॅव्हेन्यू हा रस्ता. डनबार हॉटेल, नाइटक्लब, जेवणघरे आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या या रस्त्यावर होत्या. शहराच्या अन्य भागांतील घरे कृष्णवर्णीयांना विकू वा भाड्याने देऊ नयेत असे करार मालमत्तांच्या दस्तऐवजांतच नमूद केलेले असत. त्यामुळे श्रीमंत-गरीब, डॉक्टर-हमाल असे सर्वजण याच परिसरात एकवटले होते. वादकांच्या कामगार संघटनाही दोन होत्या, गोऱ्यांची वेगळी आणि कृष्णवर्णीयांची वेगळी. त्या १९५३ मध्ये एकत्र आल्या.

दुसऱ्या महायुद्धाने या वस्तीचा चेहरामोहरा बदलला. विमाने आणि जहाजे बांधणाऱ्या कारखान्यांना मनुष्यबळ हवे होते. जून १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी संरक्षण उद्योगांतील वांशिक भेदभावाला मनाई करणारा आदेश काढला. टेक्सस, लुइझियाना, ओक्लाहोमा आणि आर्कान्सा येथून कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने आले. १९४० मध्ये शहरात त्यांची लोकसंख्या सुमारे ६४ हजार होती. १९५० मध्ये ती १ लाख ७० हजारांच्या वर गेली. या लोकांच्या हाती प्रथमच नियमित पगार खेळत होता, आणि रात्रपाळी संपवून येणाऱ्यांना ओळखीचे, गावाकडच्या ब्लूजशी नाते सांगणारे, पण शहरी थाटाचे संगीत हवे होते. मिल्टन स्वतः त्यांच्याच भागातून आलेले असल्याने या श्रोत्यांची आवड त्यांना नेमकी ठाऊक होती.

जंप ब्लूजचा उदय

१९३० च्या दशकात अमेरिकन नृत्यसंगीतावर पंधरा-वीस वादकांच्या मोठ्या वाद्यवृंदांचे राज्य होते. युद्धकाळात ही व्यवस्था परवडेनाशी झाली. अनेक वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायर यांचे रेशनिंग सुरू झाले, आणि १९४४ मध्ये नृत्य व गायन असलेल्या करमणुकीच्या जागांवर केंद्र सरकारने जबर कर बसविला. त्यामुळे सहा ते आठ वादकांचे आटोपशीर संच पुढे आले. न्यूयॉर्कमध्ये लुई जॉर्डन यांनी या पद्धतीचा पाया घातला. लॉस एंजेलिसमध्ये जो लिगिन्स, जॉनी ओटिस आणि रॉय मिल्टन यांनी तिला स्वतंत्र रूप दिले.

या प्रकाराला जंप ब्लूज असे नाव पडले. यात ब्लूजची बारा मापांची परंपरागत रचना असते. पियानोवर बूगी-वूगी पद्धतीची, डाव्या हाताने सतत फिरणारी खर्जातील आवर्तने असतात. दोन-तीन सॅक्सोफोन आणि एखादा ट्रम्पेट मिळून छोटे स्वरसमूह पुन्हा पुन्हा वाजवितात. आणि या सर्वांच्या खाली ठाशीव ठेका चालू असतो. थोडक्या वादकांकडून मोठ्या वाद्यवृंदाचा भरीवपणा साधणे हे या प्रकाराचे मर्म होते.

सॉलिड सेंडर्स

मिल्टन यांच्या संचातील सर्वांत महत्त्वाचे नाव म्हणजे पियानोवादिका कॅमिल हॉवर्ड (१९१४–१९९३). टेक्सस राज्यातील गॅल्व्हेस्टन येथे जन्मलेल्या हॉवर्ड १९४० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात आल्या आणि या संचात सामील झाल्या. पुरुषांच्या वाद्यवृंदात एखादी स्त्री गायिका म्हणून असणे नित्याचे होते. परंतु संपूर्ण संच जिच्या वाद्यावर उभा आहे अशी स्त्री वादक असणे ही त्या काळी अपवादात्मक गोष्ट होती. हॉवर्ड यांच्या डाव्या हाताची बूगी आणि मिल्टन यांचा ड्रम यांचे अद्वैत हेच सॉलिड सेंडर्सच्या तबकड्यांचे पहिले आकर्षण होते. टेनर सॅक्सोफोनवर बडी फ्लॉइड, ट्रम्पेटवर होझिया सॅप आणि बेसवर डेव्ह रॉबिन्सन हे संचाचे अन्य आधारस्तंभ होते. पुढील काळात सॅक्सोफोनवादक जॅकी केल्सो यांनीही या संचात वादन केले, तर गायिका मिकी चॅम्पियन काही काळ संचाबरोबर गात असत.

१९४४ मध्ये गायिका जून रिचमंड यांच्यासह मिल्टन यांच्या संचाचे तीन ‘साउंडी’ चित्रित झाले. साउंडी म्हणजे सुमारे तीन मिनिटांचा संगीतपट. तो मद्यगृहांत आणि उपाहारगृहांत ठेवलेल्या, नाणे टाकून चालणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर दाखविला जाई. मिल्टन यांच्या तरुणपणीच्या वादनाचे हे चलत्-चित्रण आज मोलाचे मानले जाते.

‘आर. एम. ब्लूज’

मिल्टन यांच्या आयुष्याला वळण देणाऱ्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास आर्ट रूप या निर्मात्याशी जोडलेला आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यात जन्मलेले रूप १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला आले. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या कृष्णवर्णीय श्रोत्यांकडे दुर्लक्ष करीत आहेत हे त्यांनी हेरले. त्यांनी सुमारे २०० डॉलर खर्चून या श्रोत्यांमध्ये खपणाऱ्या तबकड्या विकत आणल्या आणि स्टॉपवॉच हाती घेऊन त्यांचा अभ्यास केला : गाण्याची लय किती, प्रस्तावना किती सेकंदांची, गायन केव्हा सुरू होते, शीर्षकात कोणते शब्द वारंवार येतात. या तयारीनंतर त्यांनी १९४४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. तबकड्यांचा मोठा ग्राहक ज्यूकबॉक्स हाच असल्याने कंपनीचे नावही त्यांनी ‘ज्यूक बॉक्स’ असेच ठेवले.

क्लबमध्ये सॉलिड सेंडर्सचे वादन ऐकून रूप यांनी मिल्टन यांच्याशी करार केला. १९४५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले ‘आर. एम. ब्लूज’ हे या कराराचे पहिले मोठे फळ. शीर्षकातील दोन अक्षरे मिल्टन यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. मध्य लयीतील या गाण्यात हॉवर्ड यांचा पियानो, पितळी वाद्यांचे संथ, भरदार स्वर आणि मिल्टन यांचे आर्जवी गायन यांचा सुंदर मेळ जमला आहे. बिलबोर्ड साप्ताहिकाच्या, ज्यूकबॉक्सवर वाजणाऱ्या कृष्णवर्णीय संगीताच्या क्रमवारीत हे गीत १९४६ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. इतकेच नव्हे, तर गोऱ्या श्रोत्यांच्या वर्चस्वाखालील सर्वसाधारण क्रमवारीतही ते विसाव्या स्थानी आले. एका लहान कंपनीने काढलेल्या कृष्णवर्णीय कलावंताच्या ब्लूज गीताला असे यश मिळणे त्या काळी विरळाच होते.

या यशाचा परिणाम मिल्टन यांच्यापुरता मर्यादित राहिला नाही. भागीदारांशी मतभेद झाल्याने रूप १९४६ मध्ये ज्यूक बॉक्समधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘स्पेशल्टी रेकॉर्ड्स’ ही नवी कंपनी स्थापन केली. मिल्टन त्यांच्याबरोबर गेले. नवी कंपनी स्थिरावली ती प्रामुख्याने मिल्टन यांच्या तबकड्यांच्या खपावर. पुढील दशकात हीच स्पेशल्टी लॉइड प्राइस, गिटार स्लिम, पर्सी मेफील्ड आणि लिटल रिचर्ड यांचे संगीत जगापुढे आणणार होती.

यशाची वर्षे

१९४६ ते १९५३ ही मिल्टन यांच्या कीर्तीची वर्षे होत. ‘मिल्टन्स बूगी’ (१९४६), ‘ट्रू ब्लूज’ (१९४७), ‘हॉप, स्किप अँड जंप’ (१९४८), ‘एव्हरीथिंग आय डू इज राँग’ (१९४८), ‘द हकलबक’ (१९४९), ‘इन्फर्मेशन ब्लूज’ (१९५०), ‘ओ बेब’ (१९५०) आणि ‘बेस्ट विशेस’ (१९५१) ही त्यांची विशेष गाजलेली गीते. ‘इन्फर्मेशन ब्लूज’ आणि ‘बेस्ट विशेस’ ही दोन्ही दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पहिल्या दहांतील १९ गीतांपैकी एकही पहिल्या स्थानी मात्र गेले नाही. एखाद्याच गीताने गाजून विस्मृतीत जाणाऱ्या कलावंतांच्या तुलनेत त्यांचे यश निराळ्या जातीचे होते : ते सलग, भरवशाचे आणि सात-आठ वर्षे टिकलेले होते.

याच काळात या संगीताचे नावही बदलले. बिलबोर्ड साप्ताहिक या तबकड्यांना तोवर ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे विशिष्ट वंशासाठीच्या तबकड्या, असे म्हणत असे. जून १९४९ पासून त्याने ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ ही संज्ञा स्वीकारली. त्यामुळे मिल्टन यांची आरंभीची गीते ‘रेस’ या मथळ्याखाली नोंदली गेली आहेत, तर नंतरची नव्या नावाखाली.

कॅमिल हॉवर्ड यांना पुढे आणण्यातही मिल्टन यांचा वाटा मोठा होता. १९४७ मध्ये संचाने काढलेल्या ‘थ्रिल मी’ या गीताचे गायन हॉवर्ड यांनी केले आणि तेही पहिल्या दहांत पोहोचले. वादक संघटनेने १ जानेवारी १९४८ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला होता. त्यामुळे १९४७ च्या शेवटच्या दिवशी सर्व कंपन्यांची घाई चालली होती. त्या दिवशीच्या सत्रात शेवटी थोडा वेळ उरला, तेव्हा हॉवर्ड यांनी आयत्या वेळी सुचलेली एक बूगी वाजविली. ‘एक्स-टेंपोरेनियस बूगी’ या अन्वर्थक नावाने ती १९४८ मध्ये हॉवर्ड यांच्या स्वतःच्या नावावर प्रसिद्ध झाली आणि गाजली. संचप्रमुखाने आपल्या वादकाला असे स्वतंत्र स्थान मिळू देणे ही त्या व्यवसायात सहज घडणारी गोष्ट नव्हती.

मिल्टन यांनी स्वतः कंपनी चालविण्याचाही प्रयत्न केला. १९४० च्या दशकाच्या मध्यात ‘मिल्टोन’ या नावाने, आपल्या आडनावावर श्लेष साधून, त्यांनी काही तबकड्या काढल्या. या तबकड्यांच्या मधल्या गोल कागदावर गाण्याच्या आशयाला साजेशी व्यंगचित्रे छापलेली असत. त्यामुळे त्या संग्राहकांना आजही हव्याशा वाटतात. कृष्णवर्णीय कलावंतांनी स्वतःच्या ध्वनिमुद्रणाची मालकी आपल्या हाती ठेवण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांत मिल्टोनची नोंद होते.

वादन आणि गायनशैली

मिल्टन यांच्या वादनाचे वैशिष्ट्य समजण्यासाठी मात्रांचा हिशेब लक्षात घ्यावा लागतो. पाश्चात्त्य नृत्यसंगीतात एका मापात बहुधा चार मात्रा असतात. परंपरेने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर वजन पडते. भारतीय तालात समेला जे महत्त्व, काहीसे तसेच तेथे पहिल्या मात्रेला असते. याउलट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आघात दिला की गाण्याला एक प्रकारचा झोका आणि पुढे रेटणारा वेग प्राप्त होतो. या आघाताला ‘बॅकबीट’ म्हणतात. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये भजनाच्या वेळी टाळ्या पडतात त्याही याच मात्रांवर. मोठ्या वाद्यवृंदांच्या जमान्यात ड्रमवादक मुख्यतः झांजेवर हलकी लय धरून ठेवीत असत. मिल्टन यांनी स्नेअर ड्रमवरील बॅकबीटला ठळक आणि अखंड स्थान दिले. पाच-दहा वर्षांनी रॉक अँड रोलमध्ये हाच आघात सर्व ठेक्याचा पाया ठरला.

तरीही त्यांचे वादन कधी धसमुसळे वाटत नाही. लांबलचक एकल वादन, हातचलाखीचे प्रदर्शन, अकारण वाढविलेला जोर या गोष्टी त्यांच्या ध्वनिमुद्रणांत जवळजवळ आढळत नाहीत. गाणे संथ असेल तर ठेका थोडा मागे रेंगाळतो, नाचाचे असेल तर घट्ट होतो. पण लय डगमगत नाही. स्वतः गात असल्यामुळे शब्दांना कोठे जागा द्यायची, श्वास कोठे घ्यायचा आणि वाद्यांनी उत्तर केव्हा द्यायचे, हे सर्व त्यांच्या हातांना आधीच ठाऊक असे.

त्यांचे गायनही याच स्वभावाचे होते. कॅन्सस सिटीच्या बिग जो टर्नर यांच्यासारख्या गायकांचा आवाज ध्वनिवर्धकाशिवाय सभागृह भरून टाकणारा होता. मिल्टन यांचा आवाज तसा नव्हता. तो मध्यम उंचीचा, स्वच्छ, किंचित अनुनासिक आणि संभाषणाच्या सुरातील होता. प्रेमभंग, एकाकीपण, पैशाची चणचण, शनिवारच्या रात्रीची मौज हे त्यांच्या गीतांचे विषय. दुःखाचा आक्रोश न करता ते सोसून मार्गी लागणाऱ्या माणसाचा स्वर त्यांच्या गाण्यात ऐकू येतो. युद्धोत्तर काळात नवे शहर, नवी नोकरी आणि जुने भेदभाव यांच्याशी झगडणाऱ्या श्रोत्यांना हा संयत स्वर जवळचा वाटला असल्यास नवल नाही.

उतरती कळा

१९५३ नंतर मिल्टन यांचे एकही गीत पहिल्या दहांत आले नाही. श्रोत्यांची नवी, अधिक तरुण पिढी उदयास आली होती. या पिढीत गोऱ्या मुलामुलींचाही मोठा भरणा होता. तिला अधिक वेगवान, अधिक उसळणारे संगीत हवे होते. स्पेशल्टीनेही आपले लक्ष लॉस एंजेलिसकडून न्यू ऑर्लिन्सकडे वळविले. १९५२ मध्ये तेथेच ध्वनिमुद्रित झालेले लॉइड प्राइस यांचे ‘लॉडी मिस क्लॉडी’ हे गीत पहिल्या क्रमांकावर गेले.

१९५५ च्या सुमारास मिल्टन यांनी स्पेशल्टी सोडली. त्याच वर्षी लिटल रिचर्ड यांनी या कंपनीसाठी ‘टूटी फ्रूटी’ हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि रॉक अँड रोलचा झंझावात सुरू झाला. ज्या कंपनीची पायाभरणी मिल्टन यांच्या खपाने झाली होती, तिचा सर्वांत मोठा विजय त्यांच्या निरोपाच्या वर्षातच घडावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. लिटल रिचर्ड यांच्या गीतांतील बूगी पियानो, सॅक्सोफोनचे घोष आणि ठाम बॅकबीट हे सारे घटक सॉलिड सेंडर्सच्या तबकड्यांत दहा वर्षांपूर्वीच एकत्र आलेले होते. बदलले होते ते वय, वेग आणि आवेश. मिल्टन तोवर ४८ वर्षांचे झाले होते.

त्यानंतर त्यांनी लॉस एंजेलिसमधील डूटोन, सिनसिनाटीची किंग आणि पुढे वॉर्विक या कंपन्यांसाठी ध्वनिमुद्रणे केली. किंगसाठी केलेले ‘सकोटॅश’ हे केवळ वाद्यांचे ध्वनिमुद्रण जाणकारांनी वाखाणले. परंतु या तबकड्यांना बाजारात पूर्वीसारखा उठाव मिळाला नाही. सेंट्रल अॅव्हेन्यूचे वैभवही याच काळात ओसरले. घरांवरील निर्बंध न्यायालयाने अमान्य केल्यावर ज्यांना शक्य होते ते रहिवासी अन्यत्र गेले, क्लब एकामागून एक बंद पडले, आणि ज्या वस्तीने हे संगीत जन्माला घातले ती विखुरली. कॅमिल हॉवर्ड यांनी धार्मिक निष्ठेपोटी लौकिक संगीताचा त्याग केला.

पुनरागमन आणि अखेरची वर्षे

१९७० मध्ये जॉनी ओटिस यांनी मॉन्टेरी जाझ महोत्सवात ऱ्हिदम अँड ब्लूजच्या जुन्या कलावंतांना एका मंचावर आणले. बिग जो टर्नर, एस्थर फिलिप्स, एडी ‘क्लीनहेड’ व्हिन्सन, आयव्हरी जो हंटर, रॉय ब्राउन आणि पी वी क्रेटन यांच्याबरोबर रॉय मिल्टन हेही या कार्यक्रमात होते. त्यांनी ‘आर. एम. ब्लूज’ पुन्हा गाइले. या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण एपिक कंपनीने प्रसिद्ध केले आणि विस्मृतीत गेलेल्या या पिढीकडे नव्या श्रोत्यांचे लक्ष वेधले गेले. ओटिस स्वतः ड्रमवादक आणि संचप्रमुख असल्याने मिल्टन यांच्या कामाचे मोल ते पुरते जाणून होते. पुढे ओटिस यांच्या ‘ब्लूज स्पेक्ट्रम’ या कंपनीने मिल्टन यांची जुनी गीते नव्याने ध्वनिमुद्रित केली.

युरोपमध्ये जुन्या ब्लूजला या काळात जाणता श्रोतृवर्ग लाभला होता. मिल्टन यांनी तेथे दौरे केले आणि फ्रान्समधील ‘ब्लॅक अँड ब्लू’ या कंपनीसाठी १९७७ मध्ये ‘इन्स्टंट ग्रूव्ह’ हा संग्रह ध्वनिमुद्रित केला. १८ सप्टेंबर १९८३ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

रॉक अँड रोलच्या लोकप्रिय इतिहासात मिल्टन यांचे नाव फारसे घेतले जात नाही. याची कारणे त्यांच्या कारकिर्दीतच आढळतात. त्यांना पहिल्या क्रमांकाचे गीत लाभले नाही. त्यांचे व्यक्तिमत्त्व भडक किंवा वादग्रस्त नव्हते. आणि दूरचित्रवाणीने संगीताचा ताबा घेण्यापूर्वीच त्यांचा बहराचा काळ सरला होता. शिवाय ड्रमच्या मागे बसलेला गायक कॅमेऱ्याच्या दृष्टीने सोयीचा नसतो. १९५० च्या दशकातील तरुण श्रोत्यांना हवा असलेला नायक गिटार घेऊन किंवा पियानोपाशी उभा राहून मंचावर उसळणारा होता.

संगीताच्या इतिहासाचे अभ्यासक मात्र मिल्टन यांना मोठ्या वाद्यवृंदांचे युग आणि रॉक अँड रोल यांना जोडणारा एक महत्त्वाचा दुवा मानतात. बूगी पियानो, सॅक्सोफोनचा ताफा आणि ठळक बॅकबीट यांचे आटोपशीर संचात केलेले संयोजन त्यांनी रूढ केले. एका छोट्या स्वतंत्र कंपनीला स्वतःच्या पायांवर उभे करून त्यांनी पुढील अनेक कलावंतांसाठी दार उघडले. स्पेशल्टीचा ध्वनिमुद्रण-संग्रह १९९० मध्ये फँटसी या कंपनीकडे गेल्यानंतर मिल्टन यांची गीते सीडींच्या रूपात पुन्हा उपलब्ध झाली.

निवडक ध्वनिमुद्रणे

आर. एम. ब्लूज – ध्वनिमुद्रण १९४५. क्रमवारीत दुसरा क्रमांक, १९४६
मिल्टन्स बूगी – १९४६
ट्रू ब्लूज – १९४७
थ्रिल मी – १९४७. गायन कॅमिल हॉवर्ड
हॉप, स्किप अँड जंप – १९४८
द हकलबक – १९४९
इन्फर्मेशन ब्लूज – १९५०. क्रमवारीत दुसरा क्रमांक
ओ बेब – १९५०
बेस्ट विशेस – १९५१. क्रमवारीत दुसरा क्रमांक
इन्स्टंट ग्रूव्ह – संग्रह, १९७७